गच्चीवरच्या पेट्या

बेकरीच्या गच्चीवर मधमाश्या पाळायचं खूळ आप्पांच्या मुलाचं. ‘‘आपल्याच मधाचा केक, बाबा! लोक रांगा लावतील,’’ म्हणत त्याने पेट्या आणल्या, थोडे दिवस त्यांचं कोडकौतुक केलं आणि लांबच्या शहरात नोकरी लागली तसा बायकोला घेऊन निघून गेला. आप्पांची बायको केव्हाच वारलेली. मागे उरली भट्टी, पेट्या आणि आप्पा.

आप्पांना माश्यांची धास्ती. भाजून भाजून हात निबर झालेले, पण कानाशी गुणगुण आली की माणूस अर्धा व्हायचा. तरी पोराने हौसेने आणलेली वस्तू टाकवेना. त्याचीच जाळीची टोपी घालून ते शिकले. एकदा गाल असा सुजला, की समोरची शिंपीणबाई म्हणाली, ‘‘आप्पा, आज यीस्ट जास्त पडलं वाटतं!’’ आप्पा दिवसभर मनातल्या मनात हसत होते. गिऱ्हाईक एरवी ‘चार पाव, कडक द्या’ यापलीकडे काही बोलायचं नाही.

हळूहळू दुपारचा माल निघाला की गच्चीवर जाऊन बसायची त्यांना सवयच लागली.

एका सकाळी शिंपीणबाई खिडकीतून ओरडली, ‘‘आप्पा, तुमचं मोहोळ उठलंय!’’

एका पेटीतल्या निम्म्या माश्या राणीला घेऊन निघाल्या होत्या आणि शिंपीणबाईच्या दुकानाच्या पाटीला घड लगडावा तशा लोंबत होत्या. गल्लीतली दारं धडाधड लागली. आप्पांनी मुलाला फोन लावला.

‘‘बाबा, मीटिंगमध्ये आहे. नंतर करतो.’’

आप्पांनी फोन खिशात टाकला. मग त्यांनी पावाचं रिकामं खोकं घेतलं, शिडी लावली.

‘‘बंबवाल्यांना बोलावू का?’’ काचेआडून शिंपीणबाईने विचारलं.

‘‘नको, ते मारून टाकतील.’’

टोपी घालून आप्पा शिडीवर चढले. माश्या उडू नयेत म्हणून त्यांनी साखरेचं पाणी शिंपडलं, खोकं खाली धरलं आणि पाटीला एक हिसडा दिला. धपकन घड खोक्यात पडला. खोकं पायरीवर उपडं ठेवून, कड जराशी उचलून ते शेजारी बसले. राणी आत असेल तर बाकीच्या येतील, नाहीतर सगळं मुसळ केरात.

काही माश्या कडेशी आल्या, बूड वर करून, बाकीच्यांना बोलवावं तसा पंखांनी वारा घालू लागल्या. आणि बघता बघता हवेतल्या माश्या उतरून, वऱ्हाड मांडवात शिरावं तशा आत चालत निघाल्या.

‘‘अरे, बघ, बघ!’’ आप्पा मोठ्याने म्हणाले आणि वळले. गल्ली रिकामी होती.

ऊन उतरल्यावर त्यांनी माश्या गच्चीवर नेऊन एका रिकाम्या पेटीत ठेवल्या. त्यानंतर मुलाचा फोन आला. आप्पांनी भरभरून सगळं सांगितलं.

‘‘त्या माश्या अजून आहेत?’’ मुलगा म्हणाला. ‘‘अहो बाबा, देऊन टाका कुणाला तरी. या वयात शिडीवर कशाला चढता?’’

‘‘बघतो.’’

‘‘जेवलात ना?’’

‘‘हो, जेवलो.’’ चूल अजून पेटायची होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी काढून ठेवलेला मध घालून केक केला. शिंपीणबाईला तुकडा नेऊन दिला. तिने सुई टाचण्यांच्या गादीत खोचली, केक खाल्ला आणि म्हणाली, ‘‘छान झालाय हो! पण पुन्हा नाही ना उठणार त्या?’’

माश्या कशा रांगेने आत गेल्या, ते आप्पांना सांगायचं होतं. पण माप द्यायला कुणीतरी आलं आणि ती टेप घेऊन उठली.

आप्पा उरलेला केक घेऊन गच्चीवर गेले. नव्या पेटीतल्या माश्या बाहेर येत होत्या, पेटीकडे तोंड करून घिरट्या घालत होत्या. जागा ओळखून घेत होत्या. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि केकचा घास तोंडात घातला. मध जरा जास्तच झाला होता.