गाडीवरचा नारळ

नामदेवची जुनी फियाट कधी बंद पडेल हे कुणाला सांगता येत नव्हतं. का बंद पडते हे मात्र तारापुरात सगळ्यांना ठाऊक होतं. चहावाला म्हणे पेट्रोलात पाणी, पोस्टमन म्हणे बॅटरी. अणुवीज केंद्राच्या कॉलनीतल्या चार साहेबांना नामदेव रोज पहाटे बोईसर स्टेशनला सोडी. अणू फोडणारी ही माणसं बॉनेट उघडलं की आळीपाळीने आत डोकावत, "करंट येत नाही" असा एकमताने निकाल देत, आणि बॅगा सांभाळत ढकलायला लागत. मेकॅनिककडे नेली की तीच गाडी पाहुण्यांपुढच्या पोरीसारखी शहाणी.

पूर्वी नामदेवही हसायचा. पौषापासून हसत नव्हता.

पौष पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या बायकोच्या, नलूच्या, छातीत कळ आली. त्याने तिला मागच्या सीटवर निजवलं. पाम गावाच्या वळणावर गाडी थांबली. चाळीस मिनिटांनी दुधाचा टेम्पो आला. बोईसरच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि हात परत चादरीखाली ठेवला.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी नामदेवने साहेबांना वेळेवर स्टेशनवर सोडलं. लोक म्हणाले, काळीज दगडाचं. तो रडला नाही आणि गाडीही विकली नाही. नलू गेली त्याच्या आदल्या आठवड्यात गाडीचे ठिणगी पाडणारे पॉइंट त्यानेच घासले होते. ती त्या दिवशी आपल्या हातामुळे थांबली की आणखी कशाने, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

बोईसरच्या फाटकापाशी भगवंत मिस्त्रीचं गॅरेज. त्याने कॉइल बदलली, मग कंडेन्सर, मग प्लग. चौथ्या वेळी त्याने हात पुसले. "माझ्यासमोर ती मरत नाय, नामा. तुझ्यासमोर मरते. तर तूच लिही. कधी, कुठे, हवा कशी."

नामदेवने भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुल्या मारल्या. होळी होऊन गेल्यावर त्याने दोन पानं फाडून भगवंतपुढे ठेवली. मिस्त्री मेकॅनिक बरा, पण ज्योतिषी व्हायची हौस मोठी. त्याने पानांवरून काळं बोट फिरवलं.

"सगळ्या पहाटेच्या. दुपारची एक नाय. आणि हे बघ, पौर्णिमा, की लागोपाठ पाच फुल्या. मग विरळ. मग परत पौर्णिमा, परत पाच. तुझी गाडी भरतीला जाते काय रे?"

नामदेव पानांवर वाकला.

"पौर्णिमेला करतोस काय तू गाडीला?"

"मी नाय. आये पूजा करते."

"बाहेरून?"

"बॉनेट उघडून. हळदकुंकू लावते, नारळ फोडून पाणी घालते. बाबाच्या होडीच्या इंजिनावर घालायची तसंच."

भगवंत हसला नाही. चारी प्लगांना ठिणगी वाटून देणारी काळी टोपी त्याने इंजिनावरून काढली, वरून बोट फिरवून जिभेला लावलं. टोपी उजेडात उलटी धरली. आत केसाएवढी काळी रेघ होती. त्याने टोपीत तोंडाची वाफ सोडली, ती बसवली. "मार सेल्फ."

गाडी नुसती कण्हली.

टोपी काढून फडक्याने कोरडी केली. "मार."

पहिल्या झटक्यात सुरू. तीनदा तसं केलं, तीनदा तसंच झालं.

"होडीत डिझेल," भगवंत म्हणाला. "तिथं ठिणगीच नसते. अख्खा दर्या ओत, चालेल. इथं सगळा खेळ ठिणगीचा. नारळाचं पाणी चिकटून बसतं, पहाटेची ओल धरतं, की ठिणगी प्लगापर्यंत जातच नाय, त्या रेघेवरून मधेच पळते. ऊन आलं की सुकतं. पण एका नारळानं इतकं व्हायचं?"

"आता दोन घालते. नलू गेल्यापासून. गाडीनं परत कुणाला खाऊ नये म्हणून."

मिस्त्रीने फडकं खाली ठेवलं. "म्हातारीला सांगशील?"

"नवी टोपी हाय काय तुझ्याकडे?" नामदेवने विचारलं.

परतताना त्याला वाटलं होतं, आता काहीतरी हलकं होईल. हात त्याचा चुकला नव्हता. पण ते कळणं, बंद दुकानाची पाटी वाचावी, तसं झालं. गाडी सुरळीत चालली होती. पाम मागे गेलं हेही त्याला पुढच्या गावात कळलं.

त्याची आई येसूबाई ओट्यावर सुके बोंबील निवडत होती. "गावलं काय?"

"गावलं. वायर सैल होती."

"मेली वायर," ती म्हणाली. दोन बोंबील उगाच या ढिगातून त्या ढिगात गेले. "मी त आदल्याच दिशी नारळ घातलावता, नाम्या. नेमानं."

"ठाऊक हाय मला."

"काय चुकलं माझं, काय कळत नाय."

"काय नाय चुकलं," नामदेव म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

चैत्री पौर्णिमेला संध्याकाळी ती दोन नारळ घेऊन गाडीपाशी आली. नामदेवने स्वतःच बॉनेट उचललं. काळ्या टोपीवर आणि वायरींवर त्याने दुधाच्या जाड पिशव्या चढवून जाळ्याच्या दोऱ्याने आवळल्या होत्या.

"ह्ये काय?"

"दव पडतं."

"बरं केलंस," येसूबाई म्हणाली. "मलाच सुचाया पायजे होतं."

तिने हळद लावली, कुंकू लावलं. पहिला नारळ फोडून ओतला, मग दुसरा. पाणी पिशव्यांवरून घरंगळत, हळद घेऊन, खाली वाळूत गेलं. करवंट्या रिकाम्या झाल्या तरी ती त्या उपड्या धरून उभी राहिली, शेवटचा थेंब निथळेपर्यंत. नामदेवने बॉनेट धरून ठेवलं होतं. हाताला रग लागली होती बहुतेक. त्याने हात बदलला नाही.