पांढऱ्या रंगाखालची माणसं

क्लेमेंटने ते चित्र काढलं तेव्हा लूर्डस वर्षभर त्याच्यावर रुसली होती. रुसेल नाहीतर काय! लग्नानंतर नवऱ्याने पहिल्यांदा बायकोचं चित्र काढलं, आणि त्यात तिचं तोंड म्हणजे पिवळट त्रिकोण, दोन्ही डोळे एकाच बाजूला. अंबोली गावठाणातल्या बायका मुद्दाम बघायला आल्या. "यात तू कुठली गो?" असं विचारून पदराआड हसल्या.

चित्रात ती एकटी नव्हती. जेवणाच्या टेबलाभोवती त्यांची सगळी टोळी होती. खारदांड्याचा मूर्तिकार भिकाजी, कविता करणारी कमल, नाटकवाली जयंती, आणखी दोघंतिघं. दर रविवारी ही मंडळी घरात ठाण मांडायची. दोन रेघांवरून तासन् तास भांडायची, बोंबलाचं कालवण फस्त करायची, आणि स्वतःची ताटली एकजण उचलेल तर शपथ! चित्रात मधोमध लूर्डस होती, कारण वाढायला तीच असायची.

जयंती वारली तेव्हा टोळीने एक विचित्र रीत पाडली. जो जाईल त्याला चित्रात पांढऱ्या रंगाने झाकायचं. फोटोला हार घालणं या शहाण्यांना गावठी वाटायचं. क्लेमेंट ब्रश चालवायचा, बाकीचे गप्प उभे राहायचे. पुढे कमल गेली, मग इतर. टेबलाभोवती पांढरी ठिगळं वाढत गेली, आणि शेवटी उरले भिकाजी आणि लूर्डस.

मग क्लेमेंट विसरायला लागला. आधी रंगांची नावं, मग चर्चवरून घरी यायची वाट. हे आता वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. लूर्डसला धास्ती एकच होती, तो आपल्याला विसरेल याची. रोज सकाळी ती त्याला चित्रासमोर उभं करायची.

"ही कोण रे?"

"तू. आणखी कोण असणार?" तो वैतागायचा. तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

एका सकाळी चित्रातला भिकाजी पांढरा झालेला दिसला. लूर्डसचं धाबं दणाणलं. तिने फोन लावला, तर उचलला भिकाजीनेच.

"अगं, मी मेलो नाय अजून!"

तो रिक्षा करून लगेच आला. क्लेमेंटने त्याला कडकडून मिठी मारली, जुन्या भांडणांवरून खो खो हसला; त्याला पांढरं केल्याचं त्याच्या गावीही नव्हतं. चित्र बघून भिकाजीही हसत म्हणाला, "वाट लावलीस की रे माझी!" पण निघताना दारात लूर्डसचा हात धरून तो रडला.

"रंग लपव गो. चित्रात आता तूच राहिलीस."

तिने रंग कपाटात घालून कुलूप लावलं. पण रंग नाहीत म्हटल्यावर क्लेमेंट नुसता आपल्या हातांकडे बघत बसायला लागला. जेवेनासा झाला. लूर्डसला ते बघवेना. तिने स्वतःच कुलूप काढलं.

दोनचार दिवस बरे गेले. मग एका दुपारी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, तर क्लेमेंट चित्रासमोर उभा. ब्रशवर पांढरा रंग, आणि डोळ्यांना धार.

"क्लेमेंट, काय करतोस?"

"माझी बायको गेली हो."

उभ्या जन्मात तिला अगंतुगं करणारा माणूस आज 'हो' म्हणत होता.

"अरे, मी इथे आहे! बघ ना! मी लूर्डस!"

त्याने पाहिलं. परक्या बाईकडे पाहावं तसं, अदबीने. "तुम्ही ओळखत होता तिला?"

ब्रश हिसकावून घ्यावा म्हणून तिने हात पुढे केला. पण क्लेमेंट हुंदके देत होता. जयंतीसाठी, कमलसाठी तो असा रडला नव्हता. एकदा आजारपणात लूर्डस स्वतः मरणाच्या दारातून परत आली, तेव्हाही नाही.

"ओळखत होते," ती म्हणाली.

"माझ्याबरोबर सुखी होती का हो ती?"

एवढ्या वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं असतं, सगळी उणीदुणी काढली असती, आणि मग जेवायला वाढलं असतं.

"होती," तिने सांगितलं. "खूप."

त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने बाहीने डोळे पुसले, ब्रश चित्राकडे नेला, आणि लूर्डस बाजूला सरकली.