कार्डावरचं मांजर

तिया इडालिनांनी शेजारच्या ओडेतच्या घरी टॉवेलांच्या टोपलीत हात घातला आणि तसाच बाहेर ओढला. तर्जनीच्या पेरावर रक्ताचे चार ठिपके उमटले होते. त्या ओरडल्या नाहीत. बोट डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. काचबिंदूने त्यांची नजर पार अधू केली होती. हातभर लांबचं माणूससुद्धा त्या आवाजावरून ओळखायच्या. गल्लीतली पोर्तुगीज माणसं त्यांना तिया, म्हणजे मावशी म्हणायची.

"चावलं गं काहीतरी," त्या म्हणाल्या.

ओडेतने टोपली पायाने पलंगाखाली सारली. निळ्या टॉवेलाखाली एक लांबुडका जीव वळवळला आणि गप्प झाला. झोपायच्या खोलीचं दार आज तिने लावलं नव्हतं. पाच वर्षांत पहिल्यांदाच.

"बसा तिया, मी पाणी आणते," ती म्हणाली, आणि पाण्याऐवजी गाडीची किल्ली घेऊन आली.

दवाखान्यात नर्सने जखम धुतली, पट्टी बांधली आणि फॉर्म पुढे ओढला.

"कोणता प्राणी?"

"मांजर," ओडेत म्हणाली.

विचार करून खोटं बोलायला तिला वेळच मिळाला नव्हता. पाच वर्षांच्या सवयीने शब्द तोंडातून निघून गेला. दुकानात ती मांजराच्या पिल्लांचं खाणं घ्यायची, शेजारणीला 'मांजर आजारी आहे' म्हणून सांगायची, आणि जनावरांचे डॉक्टर व्हिटकॉम्ब कार्डावर स्वतःच्या हाताने लिहायचे: मांजर, नर, तपकिरी, वजन अडीच पौंड. अडीच पौंडांचं वाढलेलं मांजर कॅलिफोर्नियात कुणी पाहिलं असेल तर ते डॉक्टर व्हिटकॉम्बनीच. त्यांच्याकडे अशी आणखी आठ-दहा मांजरं येत आणि एकाचीही मिशी मांजराची नसे.

पिंगो फेरेट होता. मुंगसासारखा लांब, अंगाने मऊ आणि स्वभावाने चोर. चमचे, मोजे, औषधाच्या बाटल्यांची झाकणं, जे सापडेल ते पलंगाखाली नेऊन ठेवायचा. पीच भरायच्या कारखान्यातली सव्वीस वर्षांची नोकरी संपली त्या हिवाळ्यात ओडेत रिनोला बहिणीकडे गेली होती. कॅलिफोर्नियात फेरेट पाळायला बंदी आहे, नेवाडात ते राजरोस विकत मिळतात. परतताना राज्याच्या हद्दीवरच्या तपासनाक्यावर माणसाने खिडकीत वाकून विचारलं, "फळं, रोपं, भाजी काही?" ती नाही म्हणाली. ते खरंच होतं. मांडीवरची पर्स मात्र हलत होती.

घरी आल्यावर तिने भाच्याचं नाव पुढे करून वन्यजीव खात्याला फोनही केला होता. परवाना काढायचा म्हटलं तर काय करावं लागेल? बाई गोड बोलली. परवाने असतात, म्हणाली. प्रयोगशाळांना, प्राणिसंग्रहालयांना, कॉलेजांना. घरात पाळायला? "त्याचा अर्जच छापलेला नाही हो," ती म्हणाली. मग ओडेतने कायद्याचा नाद सोडला आणि झोपायच्या खोलीला कडी बसवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या प्राणी विभागाची गाडी दारात उभी राहिली. आत आली ती केंडल नावाची बाई, खाकी शर्ट, हातात वही. दवाखान्यातला प्रत्येक चावा काउंटीकडे कळवावा लागतो, हे ओडेतच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मांजर दाखवा," केंडल म्हणाली. "घाबरू नका. घरचं असेल तर दहा दिवस घरातच ठेवायचं. मी मधे येऊन पाहून जाईन. मांजर धड राहिलं की संपलं."

दाखवायला मांजर कुठलं?

"माझं नाही ते," ती म्हणाली. "मागच्या दाराने येतं कधीकधी. भटकं आहे."

"रंग?"

"पिवळं."

पिवळं मांजर खरंच होतं. तिया इडालिनांच्या मागच्या पायरीवर रोज सकाळी येऊन बसायचं. बिशपसारखं डौलात चालतं म्हणून त्यांनी त्याचं पोर्तुगीज नाव बिस्पो ठेवलं होतं. ओडेतला दुसरं कुठलं मांजर माहीतच नव्हतं.

केंडलने लिहून घेतलं. "भटकं म्हणजे जरा अवघड झालं. लसीचा पत्ता नाही, मालक नाही. पकडून रेबीजसाठी मेंदूची तपासणी करावी लागते."

"म्हणजे मारून?"

"जिवंतपणी कशी करणार?" केंडलने वही मिटली. "तरी मांजर आहे म्हणून एवढा विचार. इथे लोक चोरून फेरेट ठेवतात, ठाऊक आहे ना? तो चावला तर त्याच दिवशी उचलतो आम्ही. त्याला दहा दिवस नाहीत."

झोपायच्या खोलीत काहीतरी धप्पकन पडलं. ओडेत जोरात खोकली.

पिंजरा तियांच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली लावला गेला. आत सार्डिन माशांचा उघडा डबा. तिया पायरीवर उभ्या होत्या, पट्टी बांधलेला हात छातीशी धरून.

"बिस्पो चावत नाही," त्या केंडलला म्हणाल्या. "त्याने आजवर माझा ब्लाउजसुद्धा ओरबाडला नाही."

"पण तुम्हाला दिसलं होतं का, मावशी?"

"दिसलं नाही. मला आता काय दिसतंय?"

"मग?"

तियांनी कुंपणापलीकडे मान वळवली. तिथे ओडेत उभी होती. तियांना आपण दिसत नसू अशी तिने मनाची समजूत घातली, आणि असली समजूत घातली याचीच तिला लाज वाटली.

बिस्पो दुपारी आपल्या पायांनी पिंजऱ्यात गेला. माणसांच्या हातून आलेल्या खाण्याची त्याला सवय होती.

तो मंगळवार होता. गुरुवारी सकाळी मांजर तपासणीला जाईल, असं केंडल सांगून गेली. ओडेतने त्या दोन दिवसांत केंडलला सांगायला चार वेळा फोन उचलला. एकदा तर पलीकडे घंटा वाजेपर्यंत धरला. पिंगो पायाशी येऊन स्वयंपाकघरातलं हातपुसणं ओढत नेत होता आणि पलंगाखाली जाताना मागे वळून पाहत होता, ही आपल्याला अडवणार तर नाही ना म्हणून. तिने फोन ठेवला. फोन ठेवल्यावर जिवाला जी शांतता वाटली तिची तिला किळस आली. एका भटक्या मांजराचं काय एवढं, असं तिने मोठ्याने म्हणून पाहिलं. स्वयंपाकघरात ते वाक्य फार वाईट ऐकू आलं.

बुधवारी संध्याकाळी तिया इडालिना गोड पाव घेऊन आल्या. अजून गरम होता. पट्टी बांधलेल्या हाताने मळला असणार. ओडेतने चहा केला. तिया पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या. हवेबद्दल बोलल्या, बदामांच्या बागांवर यंदा फवारणी लवकर झाली त्याबद्दल बोलल्या, फादरच्या गुडघ्याबद्दल बोलल्या. मग त्यांनी कप खाली ठेवला. बंद दाराआडून नखांचा आवाज येत होता, खरखर, खरखर. ओडेतने नळ सोडला आणि धुतलेलीच कपबशी पुन्हा धुतली.

"उद्या सकाळी नेतात म्हणे बिस्पोला," तिया म्हणाल्या.

"हो. केंडल म्हणाली होती."

"आज त्यांचं ऑफिस सातपर्यंत उघडं असतं. मी विचारलं फोन करून."

ओडेतने घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आणखी पाव घ्याल, तिया?"

"मीच आणलाय पोरी," तिया म्हणाल्या. सातला पाच कमी असताना त्या उठल्या. दारापर्यंत ओडेतने त्यांचा हात धरला. हात हलका होता आणि पिठाचा वास येत होता.

शनिवारी अहवाल आला. मांजर निरोगी. केंडलने फोनवर सांगितलं, बाईंना सुया घ्यायला नकोत, सुटल्या बिचाऱ्या. ओडेतने हे तियांना जाऊन सांगितलं तेव्हा त्या पायरीवरची रिकामी ताटली उचलत होत्या.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "सोमवारी मला जरा दवाखान्यात सोडशील? रक्तदाब बघायचाय."

ओडेतने त्यांना सोडलं. गुरुवारीही सोडलं. पुढच्या सोमवारी पुन्हा. पहिल्या दिवशी तिया बाहेर आल्या त्या जराशा लंगडत. बोट पुन्हा सुजलं होतं. ओडेतने का म्हणून विचारलं नाही. हल्ली ती तियांना काहीच विचारत नसे. कुठे म्हणतील तिथे सोडायची, तासन्‌तास थांबायची, त्यांची पिशवी उचलायची, त्यांच्या अंगणातलं गवत कापून द्यायची. गल्लीत लोक म्हणू लागले होते, शेजारीण असावी तर अशी. हे ऐकून ओडेत घरी येऊन बाथरूममध्ये रडली होती.

तिसऱ्या वेळी तियांचा स्वेटर आत राहिला म्हणून ओडेत परत गेली. नर्सने तो खुर्चीवरून उचलून दिला.

"तुम्ही त्यांची मुलगी का? त्यांना सांगा, दंडावर आज ताप आल्यासारखं गरम लागेल. पहिल्या दिवशी बोटात आणि मांडीत टोचलं तेवढं दुखणार नाही. रेबीजच्या तीन झाल्या, आता एकच राहिली."

ओडेत स्वेटर घेऊन गाडीत आली. तिने इंजिन सुरू केलं, पण गिअर टाकला नाही.

"तिया, अहवाल तर चांगला आला होता."

"आला ना."

"मग सुया कशाला घेताय?"

तिया समोरच्या काचेकडे पाहत होत्या. त्यांना तिथे उजेडाशिवाय फारसं काही दिसत नसणार.

"अहवाल बिस्पोचा होता," त्या म्हणाल्या. "मला बिस्पो कुठे चावला होता?"

ओडेतने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं.

"तिकडे पोर्तुगालात, तेर्सेइरा बेटावर माझ्या वडिलांकडे दोन फेरेट होते. सशांच्या बिळात सोडायचे. तिथे त्याला परवाना लागायचा, वडील तो टोपीत ठेवायचे. लहानपणी मला पाच-सहा वेळा तरी चावलेत. धरून ठेवतात, सोडत नाहीत चटकन. आणि माझे डोळे गेलेत, ओडेत, नाक गेलं नाही. तुझ्या घराला पाच वर्षं तोच वास येतोय."

"तुम्हाला ठाऊक होतं तर..." ओडेत त्यांच्याकडे वळली. "तर तुम्ही केंडलला सांगितलं का नाही? बिस्पो वाचला असता."

"मग तुझा गेला असता." तियांनी स्वेटर मांडीवर घडी घालून ठेवला. "माझ्या तोंडून कसा जाऊ देणार? ते तुझं सांगायचं होतं. मी तुझ्याकडे येऊन बसले होते ना तासभर."

गाडीच्या पुढून एक बाई लंगडा कुत्रा कडेवर घेऊन गेली.

"त्याला लस दिलेली आहे," ती अखेर म्हणाली. "दरवर्षी देते, तिया. तो कधी घराबाहेर पडलेला नाही. तुम्हाला या सुयांची गरजच नव्हती. एकीचीही नाही."

तिया दंड चोळत होत्या.

"हेसुद्धा तुला बुधवारी सांगता आलं असतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग ती चौथी घेऊ नको म्हणतेस?"

"नका घेऊ. डॉक्टर व्हिटकॉम्बकडे सगळी नोंद आहे लसीची."

"मांजर म्हणून."

"हो. मांजर म्हणून."

"मग दवाखान्यातल्या डॉक्टरला काय चावलं ते नीट सांगावं लागेल," तिया म्हणाल्या. "त्याशिवाय तो सुई थांबवायचा नाही. मी सांगू, की तू सांगतेस?"

ओडेतने इंजिन बंद केलं. दवाखान्याचं काचेचं दार वीस पावलांवर होतं. तिया इडालिनांनी पर्स मांडीवर सरळ केली, हात तिच्यावर ठेवले आणि वाट पाहत बसल्या.