जात्यावरचं इंग्रजी

“सूर चुकला तर चुकू दे गं, हात थांबवू नकोस!”

आत्याचा हा आवाज ऐकून चाळीस वर्षं झाली. जातं गेलं, आत्याही गेली. पण त्या परक्या देशात, टायरच्या दुकानावरच्या वर्गात, चौदा मोठी माणसं तोंडाला कुलूप लावून समोर बसलेली पाहिली, तेव्हा बाईंच्या कानात तो आवाज लख्ख वाजला.

इथे येऊन त्यांना नऊच दिवस झाले होते. गावच्या शाळेत सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवून, बावन्नाव्या वर्षी, दोन बॅगांत संसार कोंबून त्या एका वर्षाच्या करारावर आल्या होत्या. खोलीचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं हे काही अंगवळणी पडत नव्हतं. रोज संध्याकाळी खांदा लावून आत ढकलायच्या, आणि समोरची घरमालकीण रोज तेवढ्याच उत्साहाने हसायची.

पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गाला सांगितलं होतं, “मला ‘बाई’ म्हणा.” आयुष्यभराची सवय, दुसरं सुचलंच नाही. कार्यालयाने ते आडनाव समजून नोंदवून टाकलं. टपालपेटीवर ‘बाई’, हजेरीपटावर ‘बाई’, आणि संचालिका तर अदबीने ‘मिस बाई’ म्हणायची. फोनवर हे ऐकून नवरा इतका हसला, की शेजारची मंडळी काय झालं म्हणून बघायला आली.

चौदा जणांना इंग्रजी वाचता यायचं, लिहिता यायचं. बोलायची वेळ आली की घसा कोरडा. त्यात एक शिंपीण होती, एक पाववाला होता, आणि सहा फुटी बसवाला. वर्षअखेरची तोंडी परीक्षा पास झाला, तर त्याला विमानतळाच्या मार्गावर बस मिळणार होती. पण हा गडी ‘गुड मॉर्निंग’ म्हणतानाही घामाघूम व्हायचा.

“चूक झाली तर?” त्याने अडखळत विचारलं.

“झाली तर झाली. हात थांबवायचा नाही.”

“हात?”

मग बाईंनी टेबलावर मूठ रोवली आणि जात्याचा खुंटा धरल्यासारखी गोल फिरवली. एका फेऱ्याला अर्धं वाक्य, दुसऱ्या फेऱ्याला उरलेलं. व्हेअर डू यू वॉन्ट टू गो... आय विल टेक यू देअर... शेवटी थोडा हेल, दळणाच्या ओवीचा. आधी शिंपीण हसली. मग तिने मूठ धरली. पंधरा मिनिटांत चौदा मुठी गरगरत होत्या, आणि बसवाला डोळे मिटून असा काही गात होता, की जणू पोतंभर दळून उठायचंय.

त्या दिवसापासून परकेपणाची धार बोथट झाली. सूर्य चुकीच्या खिडकीतून उगवतो असं वाटणं थांबलं. पाववाला वर्गात येताना कागदात गुंडाळलेला गरम पाव आणायचा आणि म्हणायचा, “बाई, फार वाळलात. तुमच्या घरचे मला शिव्या देतील.” शिंपिणीने त्यांच्या कोटाच्या बाह्या न सांगताच आखूड करून दिल्या. पुलावरून चालत घरी जाताना बाईंच्या ओठांवर आपोआप ओवी यायची:

परक्या गं गावाची, वाट वळणावळणाची,
एक खिडकी उजेडाची, हळूहळू ओळखीची.

सहा महिने झाले आणि संचालिकेने बोलावलं.

“मिस बाई, खालचा टायरवाला विचारतो, वर रोज प्रार्थना असते का?”

“प्रार्थना नाही, प्रश्नोत्तरं चालतात.”

“परीक्षेत असं गाऊन चालेल का? उद्यापासून गाणं बंद.”

बाईंनी मान डोलावली. पंधरा दिवस वर्ग पुन्हा मुका झाला. शिंपीण म्हणाली, “बाई, डोक्यात सगळं तयार आहे, पण बाहेरच पडत नाही.”

बाईंनी दाराकडे पाहिलं. “गाणं बंद म्हणाल्यात. हाताबद्दल काही बोलल्या नाहीत. टेबलाखाली फिरवा.”

परीक्षेच्या दिवशी परीक्षकासमोर बसवाला बसला. पहिल्याच प्रश्नाला गप्प. कपाळावर घाम. दाराच्या काचेतून बाई बघत होत्या, त्यांची स्वतःची मूठ पदराखाली वळली होती. आणि मग परीक्षकाचं टेबल हळूहळू थरथरू लागलं. पाण्याचा पेला सरकत सरकत कडेला आला आणि परीक्षकाच्या मांडीवर कलंडला.

“तुम्हाला बरं वाटत नाही का?” परीक्षकाने पँट झटकत विचारलं.

“आता वाटतंय!” बसवाला म्हणाला, आणि सुटला. बस, मार्ग, बायको, तीन पोरं, गुडघेदुखी, सगळं अस्खलित. शेवटचा हेल तेवढा त्याला आवरता आला नाही.

चौदापैकी तेरा पास झाले. पाववाला राहिला. त्याने घाबरून शिंपिणीची पाठ केलेली उत्तरं दिली, स्वतःला दोन मुलींची आई म्हणवून घेतलं. पण निकालाच्या दिवशी सगळ्यांत जास्त पाव त्यानेच वाटले. “मी पुन्हा बसणार,” तो म्हणाला. “बाई, पुढच्या वर्षी तुम्ही आहात ना?”

बाई हसल्या आणि त्याच्या हातातला पाव घेतला.

संचालिकेने त्याच दुपारी पत्र हातात ठेवलं. अजून एक वर्ष. “सोमवारपर्यंत कळवा. आणि टायरवाल्याची मी समजूत घालीन.”

रविवार उजाडला. फोनचा वार. बाई खाटेच्या कडेवर बसून राहिल्या. घरी त्यांनी सांगितलं होतं, शाळा पाठवतेय, नाही म्हणता आलं नाही. खरं म्हणजे जाहिरात त्यांनीच पाहिली होती, अर्ज त्यांनीच केला होता. पहिला नाकारला, दुसरा नाकारला, तिसरा लागला. जन्मभर हे असंच. फिरायला जायचं तर डॉक्टरांनी सांगितलंय. हिरवी साडी घ्यायची तर मुलगी हट्ट करते. आपली हौस त्या नेहमी दुसऱ्याच्या तोंडून बोलत आल्या होत्या, आणि घरच्यांनीही कधी खोदून विचारलं नव्हतं.

फोन वाजला.

“अगं, स्वयंपाकघराला पिवळा रंग दिला,” नवरा म्हणाला. “तू म्हणायचीस ना, शेजारीण म्हणते पिवळा छान दिसतो. आजची भाजीही जमली. करपली, पण जमली.”

“बघू हं, आले की.”

“सव्वीस दिवस राहिले. भिंतीवर खुणा करतोय मी. म्हणजे रंग द्यायच्या आधी करत होतो, आता वहीत करतो.”

बाई घोटभर पाणी प्यायल्या.

“अहो, इथले लोक म्हणतायत... अजून एक वर्ष राहा म्हणून. फारच मागे लागलेत.”

“मग नाही म्हणून सांग की.”

“संचालिकेने पत्रच दिलंय.”

“पत्र दिलं म्हणून काय झालं? तुला भीड पडते गं. जन्मभर तुला लोक असंच भरीला घालत आलेत. त्यांचा नंबर दे, मी बोलतो त्यांच्याशी. माझं इंग्रजी मोडकंतोडकं असेल, पण ‘नो’ मला येतं.”

बाई हसल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. पलीकडे हा भला माणूस खरोखरच कागद-पेन शोधत होता, खणांची उघडझाप ऐकू येत होती.

“हं, सांग नंबर.”

“अहो, थांबा.”

“सांग ना, पेन सापडलं.”

“पेन ठेवा खाली. आधी बसा.”

खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“ऐकताय ना?”

“ऐकतोय.”

“मला कुणी पाठवलं नव्हतं. अर्ज मीच केला होता, तीनदा. आणि आत्ताही कुणी मागे लागलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “मलाच राहायचंय. तुमची आठवण रोज येते, आणि तरीही मला राहायचंय.”