अकराचं दूध

कीथने कांगारू बेटाचा नकाशा टेबलावर पसरला आणि कोपरे उडू नयेत म्हणून चहाचे मग ठेवले. थोरल्या भावाची, लिंडसेची, रक्षा सोडत चार दिवसांत गाडीने बेटाला चक्कर मारायची, असं त्याने ठरवून टाकलं होतं. लिंडसेची बायको बेरिल कशालाही मान डोलवत होती.

"पहिला मुक्काम पेनेशॉला, दुसरा सील बेच्या अलीकडे. आणि अंधार पडायच्या आत गाडी बंद. जनावरं रस्त्यावर येतात, तुला काय सांगायचं म्हणा!"

खरंच, तिला काय सांगायचं? रस्त्यात मेलेली कांगारू दिसली की लिंडसे उतरून तिच्या पोटाच्या पिशवीत जिवंत पिल्लू आहे का ते बघायचा. बेटावर सगळेच बघतात. तीन आठवड्यांपूर्वी एका वळणावर तो असाच वाकला असताना मागून ट्रक आला. पिल्लू त्याच्या कोटात सापडलं, धडधाकट.

आता ते दाराच्या मुठीला टांगलेल्या उशीच्या अभ्र्यात झोपलं होतं.

"हे ध्यान तेवढे दिवस कुणाच्या तरी गळ्यात मार," कीथ म्हणाला.

"दर चार तासांनी दूध लागतं त्याला. येईल सोबत."

कीथचं बोट नकाशावरच्या त्या वळणाशी अडलं. "इथून नको गं. लांबच्या रस्त्याने जाऊ."

बेरिलने बोटांवर तास मोजले.

"इथूनच जायचं," बाजाराची यादी सांगावी तशी ती म्हणाली. "अकराचं दूध तिथेच येतंय."