सतरा एक

तुझे बाबा कुरुंद्यात गणिताची शिकवणी घ्यायचे. सतरा एक ओळीनं मांडले की जी संख्या होते, तिला कशानंच भाग जात नाही, असं त्यांचं ठाम म्हणणं. आजारात खाटेवर पडल्या पडल्या ते सांगायचे आणि मी पाटीवर भागाकार करायचे. बाकी उरली की ती मोठ्यानं सांगायची, पाटी पुसायची आणि पुढची मूळ संख्या घ्यायची.

एकदा तुला पाजताना मी मोबाईलवर शोधलं. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसनं तिला पूर्ण भाग जातो. आम्ही जेमतेम चार हजारांवर पोचलो होतो.

त्याच दुपारी त्यांनी विचारलं, "मोबाईलला इचारलं का गं?"

"न्हाई. काहून इचारू? तुमी हाव की."

"बरं केलंस. तो झटक्यात सांगून टाकल. मग मी दिवसभर काय करू, तुझं तोंड बघू?"

"बघा की. फुकट हाय."

ते हसले, खोकले, मग म्हणाले, "चल, चार हजार एक."

त्याची बाकी ऐकायला ते राहिले नाहीत.

आता तू झोपलीस की मी पाटी घेते. शून्य कुठं येतं ते मला माहीत आहे, आणि हातानं भागत तिथवर जायला माझा जन्म पुरणार नाही. तरी आज चार हजार तीननं भागलं. बाकी उरली. सवयीनं ती मोठ्यानं सांगितली आणि खाटेकडं बघितलं.