कोरी चौकट

आमच्या रविवारच्या अंकात पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते, काड्यापेटीएवढी. तिची खालची शिशाची पट्टी डावीकडे किंचित झिजली आहे, त्यामुळे तिथे शाई धरत नाही. गेल्या अंकातली चूक त्या चौकटीत छापायची, हा आजोबांनी पाडलेला पायंडा. दैनिकांना घाई असते, आपल्याला अख्खा आठवडा मिळतो, तेव्हा चुकलो तर तोंड लपवायचं नाही, असं ते म्हणत. चूक नसेल तर चौकट कोरी सोडायची. तिथे दुसरं काहीही बसवायचं नाही.

लोक अंक वाचायला घेत ते चौकटीपासून. एकदा पुलाच्या कमानींची संख्या चुकली, तर एक निवृत्त शिक्षिका स्वतः जाऊन मोजून आल्या आणि ओल्या छत्रीसकट छापखान्याच्या दारात उभ्या राहिल्या. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांना चहा पाजला. आम्हाला पकडण्यात वाचकांना जी मजा येई, तिच्यावरच अंक चालला होता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

अलीकडे चौकट कोरीच जायची. अप्पा खूश. "बघ, आता बोट ठेवायला जागाच नाही," म्हणायचे. यंत्र चालवणारे मामा त्यावर नुसते खोकायचे आणि मला बाजूला घेऊन सांगायचे, की विक्रेत्यांकडून गठ्ठे न सोडता सुतळीसकट परत येतात. अंक बंद करण्याचा विषय काढायचं मी कधीपासून ठरवत होते. पण नुसत्या अंदाजावर अप्पांना दुखवणं मला पटेना. प्रयोगशाळेत शिकलेली मी, कुणी वाचतं का हे आधी तपासायचं ठरवलं. आकाशाच्या सदरात, जे मीच लिहिते, पौर्णिमा मुद्दाम आठवडाभर आधी टाकली. मान वर केली तरी कळेल अशी चूक.

मग रोज टपालपेटी मीच उघडत होते, पण पत्र एकही नव्हतं. एकदा फोन वाजला, तो राँग नंबर निघाला. माझा अंदाज बरोबर ठरला याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

शनिवारी पान लावताना अप्पा शेजारी येऊन बसले. बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"पौर्णिमा तू मुद्दाम चुकवलीस," ते म्हणाले.

मी मान डोलावली.

"मला रविवारीच दिसली. म्हटलं, कुणीतरी लिहील. तू पेटी उघडायला जायचीस ना, तेव्हा मी खिडकीत असायचो."

"मग बोलला का नाहीत, अप्पा?"

"तुझ्या हातात काही दिसतंय का, ते बघत होतो."

मामांचा यंत्र पुसणारा हात थांबला. अप्पांनी झिजलेल्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

"लिहून घे. गेल्या अंकात पौर्णिमा चुकली. चूक आमची."

मी लिहिलं. पेन उचललं नाही.

"आता चौकटीच्या बाहेर, खाली," अप्पा म्हणाले. "हा आपला शेवटचा अंक."